आतून बरं झालेलं मांजर

"वासराला हगवण लागली म्हणून शेतकऱ्याचा फोन आला. पहिला प्रश्न कोणता विचाराल?"

"किती वेळा झाली, मॅडम?" मागच्या बाकावरून आवाज आला आणि वर्ग खळखळून हसला.

मॅडम हसल्या नाहीत. सत्तावीस वर्षं हाच प्रश्न, सत्तावीस वर्षं हेच उत्तर. "चूक. चीक कधी पाजला, ते विचारायचं. जन्मल्यावर दोन-तीन तासांत आईचा चीक पोटात गेला नसेल, तर त्या वासराकडे लढायला काहीच नसतं. नंतर सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावत बसा."

त्यांनी फळ्यावर एक गोल काढला आणि त्याभोवती काटे. विद्यार्थ्यांची पेनं चालू लागली. "करोना विषाणू. कूळ एकच. वासराच्या आतड्यात शिरला की हगवण. डुकराच्या पिलांत शिरला तर आठवड्याच्या आतली पिलं दोन दिवसांत सुकून जातात. कोंबडीच्या श्वासनळीत बसला की खोकला, आणि अंड्यांची कवचं सुरकुततात. मुकुट सगळ्यांच्या डोक्यावर सारखाच, राज्यं मात्र ज्याची त्याची वेगळी. आता मांजर."

मांजराचा भाग त्यांचा आवडता. इथे त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. "मांजराच्या आतड्यात हा भाडेकरूसारखा गुपचूप राहतो. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. पण शंभरातल्या चार-पाच मांजरांत तो आतल्या आत रूप पालटतो, आतडं सोडतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत जाऊन बसतो. मग पोटात पाणी होतं. पिवळं, चिकट, बोटांत धरलं तर तार सुटेल असं. मूत्रपिंडावर गाठी. उपचार नाही. निदान करायचं आणि मालकाला शांतपणे सांगायचं."

दुसऱ्या रांगेतल्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. "पण मॅडम, क्लिनिकमधल्या मॅडम बरी करतात की. माझ्या मावशीचं मांजर बरं झालं."

वर्गात एकदम चुळबुळ झाली. कोणी तरी म्हणालं, "पेपरात पण आलं होतं." मॅडमनी खडू खाली ठेवला.

"बरी झाली असं म्हणतात," त्या म्हणाल्या. "बाहेरून. आतून कोणी पाहिलंय?"

उत्तर चोख होतं, पण ते देताना आपला आवाज चिरका झाला हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

विद्यार्थी त्यांना 'शेवटच्या मॅडम' म्हणत. कॉलेजात आलेलं जनावर हिंडून-फिरून, सगळ्या डॉक्टरांचे हात लागून, शेवटी, मेल्यावर, त्यांच्या टेबलावर यायचं म्हणून. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि पूर्वी त्याचा थोडा अभिमानही होता. बाकीचे अंदाज बांधतात, आपण उघडून बघतो.

खरं तर त्यांना क्लिनिक हवं होतं. पण त्या नोकरीला लागल्या तेव्हाच्या प्रमुखांनी त्यांच्या मनगटाकडे पाहून सांगितलं होतं, "अहो, अडलेली गाय सोडवायला खांद्यात बळ लागतं. तुम्ही टेबल घ्या. तिथे कोणी लाथ मारत नाही." त्यांनी टेबल घेतलं. पुढे काळ बदलला आणि क्लिनिकची जागा ज्या मुलीला मिळाली, तिचं मनगट तर त्यांच्याहूनही बारीक होतं.

ती त्यांचीच विद्यार्थिनी. पहिल्या वर्षाला तिचा आवाज इतका बारीक यायचा, की हजेरी घेताना मॅडम म्हणाल्या होत्या, "कोण ती चिमणी? जरा मोठ्याने बोल." तेव्हापासून ती साऱ्या कॉलेजची चिमणी झाली. आता पस्तिशीची, क्लिनिकची प्रमुख, तरी मागून चिमणी मॅडमच.

तीन वर्षांपूर्वी मांजरांच्या या दुखण्यावर नवं औषध आलं. रोज एक इंजेक्शन, एकही दिवस न चुकवता चौऱ्याऐंशी दिवस. चिमणीने ते हाती घेतलं आणि मांजरं उठून चालू लागली. मॅडमना हे कोणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या टेबलावर येणारी पिवळ्या पोटांची मांजरं आधी कमी झाली आणि मग यायचीच थांबली. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मॅडमना वाटलं, आपल्या घरातून कोणी भांडी उचलून नेतंय.

"अगं, तुझी चिमणी पेपरात आलीय बघ," नवरा एका सकाळी म्हणाला होता. शाळेतून निवृत्त झालेला हा सरळ माणूस पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. फोटोत चिमणी होती, शेजारी एक शिवणकाम करणारी बाई, आणि बाईच्या कडेवर पांढऱ्या पायांचा काळा बोका. बोक्याचं नाव बटण. त्या बाईने चौऱ्याऐंशी दिवस स्वतःच्या हाताने त्याला टोचलं होतं. सुईची सवय होती, असं तिने हसून सांगितल्याचं छापलं होतं.

"तुझं नाव घेतलंय का कुठे? तूच शिकवलंस ना तिला?" नवऱ्याने चष्मा पुसून पुन्हा शोधलं.

"माझं काय नाव घ्यायचं? मी मेलेल्यांची डॉक्टर," मॅडम म्हणाल्या आणि त्या दिवशी चहात साखर घालायला विसरल्या. आतड्यांचे रोग शिकवण्यात जन्म गेला होता त्यांचा. दुसऱ्याचं भलं झालं की पोटात दुखतं, ते नेमकं कुठे दुखतं, हे मात्र त्यांना त्या सकाळी कळलं.

त्यानंतर चिमणी स्लाइड दाखवायला आली की मॅडम तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवत. काम नसलं तरी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसत. चिमणी बिचारी मुकाट्याने बसे. त्याचाही मॅडमना राग यायचा.

वर्गात तो प्रश्न आला त्याला महिना झाला असेल. एका सकाळी पोस्टमॉर्टेम रूमच्या दाराशी मामा उभे होते. हे तिथले जुने कर्मचारी. सुऱ्यांना धार लावणं, टेबल धुणं, नोंदी ठेवणं त्यांच्याकडे. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं.

"पाहुणा आलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "चिमणी मॅडमचा. पेपरातला."

बटण टेबलावर आडवा होता. पांढरे पाय एकावर एक, कोणी तरी मुद्दाम नीट ठेवल्यासारखे. चिमणी भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले.

"औषध संपून दोन महिने झाले होते, मॅडम. छान होता. मग उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं, पोटात पुन्हा पाणी. मी दुप्पट डोस चालू केला. पाच दिवसांत गेला." तिने कागद पुढे केला. "रोग उलटला. मी थांबू का इथे? बघायचं होतं मला."

"आत गर्दी नको," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट होईल तेव्हा कळवते."

चिमणी गेली. मॅडमनी हातमोजे चढवले. त्या क्षणी त्यांना जे वाटलं त्याला दुसरं नाव नव्हतं. त्यांना बरं वाटलं. आला एकदाचा, शेवटी माझ्याच दारात. नंतर कितीतरी दिवस त्यांना त्या बरं वाटण्याचीच लाज वाटत राहिली. पण तेव्हा त्यांचे हात हलके झाले होते.

पोट उघडताच त्या थबकल्या. पाणी होतं, पण पिवळं-तारेचं नव्हतं. गढूळ होतं आणि त्याला वास होता. आतडं सगळं गोळा होऊन आलं होतं, नाडी ओढलेल्या पिशवीच्या तोंडासारखं, चुणीवर चुणी. दोन ठिकाणी ते आतून कापलं गेलं होतं.

"मामा, तोंड उघडा जरा."

मामांनी जबडा धरला. मॅडमनी चिमट्याने जीभ उचलली. जिभेच्या मुळाशी निळ्या दोऱ्याचा वेढा रुतून बसला होता आणि त्याचं दुसरं टोक घशातून खाली, पार आतड्यापर्यंत गेलं होतं.

"अरेरे," मामा म्हणाले. "शिवणाचा दोरा."

म्हणजे रोग उलटला नव्हताच. बोक्याने दोरा गिळला होता, एक टोक जिभेत अडकलं होतं आणि ताणलेल्या दोऱ्याने आतडं करवतलं होतं. पहिल्या दिवशी कोणी जीभ उचलून पाहिली असती, तर वेळीच पोट उघडून आतडं मोकळं करता आलं असतं.

मॅडमनी मूत्रपिंडं काढून हातावर घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मग दोन्ही उलटसुलट करून पुन्हा पाहिली.

या रोगाची मूत्रपिंडं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. गाठींनी भरलेली, साबुदाण्यासारखी खडबडीत. इथे गाठी नव्हत्या. त्यांच्या जागी बारीक, पांढरट, किंचित खोल गेलेल्या खुणा होत्या. व्रण. जखम भरल्यावर कातडीवर राहतात तसे. यकृतावरही एक पुसट डाग. रोग इथे येऊन गेला होता, आणि गेला होता. सत्तावीस वर्षांत त्यांच्या टेबलावर असं मांजर आलं नव्हतं, कारण बरं झालेलं मांजर शेवटच्या मॅडमकडे येतंच कशाला?

आतून पाहिलंय का कोणी, असं त्यांनीच विचारलं होतं. आता एकट्या त्यांनी पाहिलं होतं.

"काय हो मॅडम?" मामांनी विचारलं.

"काही नाही. तुकडे घ्या. स्लाइडी करायच्यात."

खास रंग देऊन विषाणू शोधायला चार दिवस लागत. त्या चार दिवसांत मॅडमनी रिपोर्टचा पहिला भाग लिहिला. मृत्यूचं कारण: गिळलेला दोरा. त्याखाली आणखी एक वाक्य: 'उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जिभेखालील भाग तपासल्याचे दिसत नाही.' अक्षर न् अक्षर खरं. ते त्यांनी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा गोड लागलं. मूत्रपिंडाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'जुने व्रण', आणि पेन मिटलं. दोन शब्द. ज्याला कळायचं त्याला कळेल. कोणालाच कळणार नाही, हेही त्यांना कळत होतं.

चौथ्या दिवशी स्लाइडी आल्या. मॅडमनी एकेक करून पाहिल्या. विषाणूचा मागमूस नव्हता. एका पेशीतही नाही.

दुपारी दारावर टकटक झाली. "रिपोर्ट झाला का, मॅडम?"

"रंग अजून आले नाहीत," मॅडम म्हणाल्या. स्लाइडींचा ट्रे त्यांच्या कोपराशी होता. त्यांनी त्यावर हळूच रजिस्टर सरकवलं.

चिमणी आत येऊन न सांगता स्टुलावर बसली. तसं ती कधी करत नसे. "मी नवीन मांजरं घेणं बंद केलंय. औषधावर विश्वासच राहिला नाही. एक करडी मांजरी आहे, चाळीस दिवस झालेत, थोडं पाणी अजून आहे पोटात. तिच्या घरच्यांना मी सांगितलं की हिचंही बटणसारखंच होणार, उगाच हाल नकोत. उद्या अकराला कायमचं झोपवायचंय तिला."

मॅडमचा हात रजिस्टरवरच राहिला. "बटणला रोग उलटला, हे तू कशावरून ठरवलंस?"

"थेंबावरून." चिमणीने वर पाहिलं. "परीक्षानळीत पाणी, त्यात व्हिनेगर, वरून पोटातल्या पाण्याचा थेंब. विरघळला तर दुसरं काही, लोंबत राहिला तर हाच रोग. लोंबत राहिला होता, मॅडम. बघत होते मी. तुमचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे. थेंब टिकला की पुढे शोधायचं नाही."

"पाणी मायक्रोस्कोपखाली घातलं होतंस?"

"गढूळ होतं जरा. पण थेंब टिकला होता ना."

ती गेल्यावर मॅडम बसूनच राहिल्या. थेंब पूमुळेही टिकतो. आतडं फाटून पोटात पू झाला, तरी तसाच लोंबतो. हे त्यांना माहीत होतं, चांगलं माहीत होतं. सुरुवातीची काही वर्षं त्या ते शिकवायच्याही. मग मुलं परीक्षेत घोळ घालू लागली, तेव्हा त्यांनी ते वाक्य गाळलं आणि त्याजागी हे ठसकेबाज, पाठ होणारं वाक्य आलं. कशाला शोधायचं पुढे? तेव्हा मांजर मरणारच असायचं. पण आता मरणार नव्हतं, आणि मॅडमचं वाक्य तिथेच उभं होतं.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?"

"मी आज खोटं बोलले," मॅडम म्हणाल्या. "कामात. पहिल्यांदा."

नवऱ्याने चष्मा काढून ठेवला. शाळेत चाळीस वर्षं काढलेला माणूस. "उद्या सकाळी लवकर जा," तो एवढंच म्हणाला.

क्लिनिक मैदानापलीकडे होतं. दोनशे पावलं. मॅडमनी ती गेल्या कित्येक वर्षांत चालली नव्हती. दारात शेळ्या, कुत्री, एक पाय बांधलेली कालवड. एका टोपलीत करडी मांजरी आणि तिच्याशेजारी नवरा-बायको, एकमेकांकडे न बघता बसलेली. रिपोर्ट पुन्हा लिहिता लिहिता घड्याळात दहा वाजून गेले होते.

चिमणीच्या खोलीत मॅडम बसल्या नाहीत. "तिला झोपवू नकोस," त्या म्हणाल्या. "बटण बरा झाला होता. पूर्ण. मूत्रपिंडात नुसते व्रण आहेत, विषाणू कुठेच नाही. असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुझं औषध लागू पडलं."

चिमणीचा चेहरा उजळू लागला आणि मध्येच थांबला. "मग गेला कशाने?"

मॅडमनी सांगितलं. जिभेखालचा वेढा, चुण्या पडलेलं आतडं. आडपडदा न ठेवता. चिमणीने टेबलाची कड धरली.

"मी जीभ उचलून पाहिली नाही," ती म्हणाली. तोच पहिल्या वर्षाचा बारीक आवाज.

"नाही पाहिलीस. आणि पू झाला तरी थेंब टिकतो, हे मी तुला शिकवलं नाही. मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी रिपोर्टात लिहिल्यात मी. तुझीही, माझीही." मॅडमनी लिफाफा ठेवला. निघायला वळल्या, मग पुन्हा फिरल्या. "आणखी एक. काल स्लाइडी आल्या होत्या. मी नाही म्हणाले."

"का?"

"हेवा," मॅडम म्हणाल्या. "तुझा. बरीच वर्षं आहे. काल जरा हाताबाहेर गेला."

चिमणी त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत माफी नव्हती, राग म्हणावा तर तोही नीटसा नव्हता. तिने बाहेर जाऊन टोपलीवाल्या नवरा-बायकोला काही सांगितलं. बायकोने एकदम तोंडावर हात घेतला. परत आल्यावर चिमणी कोरडेपणाने म्हणाली, "अकरा वाजले असते तर?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

बऱ्याच वेळाने चिमणीने आपली औषधांची पिशवी उचलली. "शिवणवाल्या काकूंना सांगायला हवं. त्यांना वाटतंय, त्यांचं एखादं इंजेक्शन चुकलं. येता?"

"मी कशाला? मला त्या ओळखत पण नाहीत."

"आतून तुम्ही पाहिलंय."

काकूंची खोली रस्त्याला लागून होती. खिडकीखाली शिवणयंत्र, भिंतीवर वहीच्या पानावर चौऱ्याऐंशी चौकटी आणि प्रत्येकीत बरोबरची खूण. दोघींना बघताच काकू उठल्या. यंत्रावर अर्धवट शिवलेली निळी बाही तशीच राहिली.

चिमणीने पिशवी मॅडमच्या हातात दिली आणि काकूंच्या समोर उकिडवी बसली. दोऱ्याचं तिनेच सांगितलं. मॅडमना वाटलं होतं, ती 'काहीतरी गिळलं' म्हणेल आणि विषय मिटवेल. पण ती म्हणाली, "काकू, दोरा होता. आणि मला तो दिसायला हवा होता. मी बघितलंच नाही तिथे. चूक माझी."

काकूंनी यंत्राकडे पाहिलं. मग खाली, फरशीवर. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे इंजेक्शनं?"

चिमणीने मॅडमकडे बघितलं.

"एकही वाया गेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मी सत्तावीस वर्षं अशी मांजरं उघडून बघते, बाई. इतकं नीट बरं झालेलं मी पाहिलेलं नाही. ते तुमच्या हातानं झालं."

"इंजेक्शनं बरोबर होती," काकू स्वतःशी म्हणाल्या. मग पुन्हा, "बरोबर होती." त्यांचे खांदे हलू लागले. त्या पुढे झुकल्या आणि चिमणीच्या गळ्यात पडून रडू लागल्या. जिने चूक केली होती, तिच्याच. चिमणीनेही त्यांना धरलं, आणि मग कोण कोणाला सावरतंय ते कळेनासं झालं.

मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यात असं कोणी कधी पडलं नव्हतं. त्यांच्या टेबलावरून कोणी उठून गेलं नव्हतं. त्याही क्षणी त्यांच्या पोटात दुखलं, नेहमीच्याच जागी. त्यांनी ते दुखू दिलं. पिशवी जड होती. खाली ठेवायला खोलीत पुष्कळ जागा होती, पण त्या दोन्ही हातांनी ती धरून उभ्याच राहिल्या, दोघींचं रडून होईपर्यंत.